आठवडाभर बघायचं नाही

सगुणाने भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "नेहमी."

क्रांतीने कागदावर खूण केली. ती चुलीपासून हातभर अंतरावर पाटावर बसली होती आणि धूर नेमका तिच्याच बाजूला येत होता. घरात गॅस होता. पण शनिवार-रविवारी दिवेआगरला येणाऱ्या पाहुण्यांना भाकरी चुलीवरची लागते, शिवाय ती चुलीवरच होते आहे याचा फोटोही लागतो, म्हणून सगुणाने मागच्या पडवीत चूल घातली होती. आज मधला वार होता, पाहुणे नव्हते. तरी सवयीने चूल पेटली होती.

"पुढचा," क्रांती म्हणाली आणि कागद डोळ्यांपुढे धरून वाचू लागली. "समाजमाध्यमांचा वापर मर्यादित ठेवण्याचा निश्चय करूनही तो पाळण्यात आपणांस किती वेळा अपयश येते?"

"हे कुनी लिवलंय?"

"आमच्या मॅडमनी. म्हणजे मूळ इंग्रजीत होतं. मॅडमनी मराठी केलं."

"मराठी केलं म्हनतेस?"

क्रांती हसली. "फोन बाजूला ठेवायचा असं ठरवता, आणि तरी ठेवला जात नाही. असं कितीदा होतं?"

"मंग असं बोल की, बाय. नेहमी."

"काकू, सगळ्यालाच नेहमी म्हणताय. पाच पर्याय आहेत. कधीच नाही, क्वचित, कधीकधी..."

"मंग काय खोटं सांगू?"

क्रांती माणगावची. मुंबईच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती, आणि फोनपुढे माणसाचं किती चालत नाही हे मोजायला गावोगाव फिरत होती. ताप मोजायला नळी असते, साखर मोजायला बोटाला टोचायचं यंत्र असतं. याला होती कागदावरची वाक्यं. सगुणाच्या दोन खोल्यांपैकी एक तिने आठवड्यापुरती घेतली होती. दिवसभर वाड्यांमधून हिंडून ती लोकांची उत्तरं गोळा करायची. गावातल्या पुरुषमंडळींनी बहुतेक ठिकाणी 'क्वचित'वर खूण केली होती, आणि ती करताना त्यांच्या दुसऱ्या हातात फोन होता.

तिने सगुणाच्या खुणांची बेरीज केली, पुन्हा एकदा केली आणि मान वर केली.

"तुमचा आकडा सगळ्यांत वर आलाय."

"पयला नंबर?"

"तसंच म्हणा."

"जन्मात पयल्यांदा आला," सगुणा म्हणाली आणि भाकरी निखाऱ्यावर सरकवली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. क्रांतीला इथे येऊन तीन दिवस झाले होते, आणि या बाईला हसताना किंवा चिडताना तिने अजून पाहिलं नव्हतं. बोलणं मात्र खमंग. जिभेला चव होती, पण ती आतपर्यंत पोचत नसावी असं वाटायचं.

अभ्यासाचा दुसरा भागही होता. ज्यांचा आकडा मोठा, त्यांनी आठवडाभर स्टेटस, व्हिडिओ, काहीच बघायचं नाही. फोन आला तर घ्यायचा, गिऱ्हाइकाशी बोलायचं, तेवढंच. बघावंसं वाटलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली एक फुली मारायची. रोज संध्याकाळी क्रांती येऊन विचारणार, कसं वाटतंय, आणि एक ते दहामधला आकडा लिहून घेणार. खोलीचा आठवडा संपून ती गेली तरी रोज फोन करणार. आतापर्यंत जे कुणी तयार झाले होते ते सगळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुटले होते, म्हणून तिने हे जरा चाचरतच सांगितलं.

"करते," सगुणा लगेच म्हणाली.

"विचार करून सांगितलंत तरी चालेल."

"केला विचार. उद्यापासून नको. आजपासून."

क्रांतीला आनंद झाला. तो होऊ द्यावा म्हणून सगुणाने तिला कारण सांगितलं नाही.

कारण असं होतं. सगुणाचं माहेर चौलच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. वडील गेले आणि पुढच्याच वर्षी वादळ आलं. त्यात सगुणाच्या सासरची वाडी, माड-पोफळी सगळ्यासकट, एका दुपारीत आडवी झाली. पोफळ पुन्हा लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. नवऱ्याने, कोंडाजीने, टेम्पो घेतला आणि माल वाहायला तो नवी मुंबईकडे जाऊ लागला, तो अजून जातोच आहे. त्याच दिवसांत सगुणाच्या थोरल्या भावाने, बुधाजीने, हक्कसोडीचे कागद तयार करून आणले. त्या भागात बहिणी वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडतात. सक्ती कुणी करत नाही. भावाने केलेल्या गाडीतून तालुक्याला जायचं, सही करायची, येताना हॉटेलात जेवायचं, एक साडी घ्यायची आणि माहेर जन्मभराचं पक्कं करायचं. सगुणाच्या आत्यांनी हेच केलं होतं आणि त्या म्हाताऱ्या होईपर्यंत दर गणपतीला हक्काने येऊन भांडत होत्या.

सगुणाने सही केली नाही. लोभाने नव्हे, अडचणीने. वाडी उभी राहीपर्यंत थांब, एवढंच ती म्हणाली. बुधाजीने कागद पिशवीत घातले आणि विचारलं, "तुला जमीन पायजे का माहेर?" तिला काही सुचलं नाही, ती गप्प राहिली. ते गप्प राहणंच तिचं उत्तर धरलं गेलं. तेव्हापासून दोघांत अबोला होता. ती तिकडे गेली नाही, त्याने बोलावलं नाही. भाऊबीज आली की ती चंद्राला ओवाळायची. आये बुधाजीकडे होती, आयेला स्वतःचा फोन नव्हता, आणि आयेशी बोलायचं तर बुधाजीच्या फोनवर फोन करायला हवा होता. तो करणं म्हणजे हार खाणं होतं. मग ते राहिलं, आणि राहता राहता वर्षं झाली.

मग कधीतरी बुधाजीच्या स्टेटसला आये दिसू लागली. रोज संध्याकाळी एक फोटो. आये ओटीवर लसूण सोलताना. आये जेवताना. आयेच्या पायाला तेल लावलेलं. खाली एक अक्षर नाही, फुलं नाहीत, हात जोडल्याची चित्रं नाहीत. सगुणा बघायची. एकदा बघून ठेवून द्यायची आणि मग भांडी घासताना, अंथरूण घालताना, पाहुण्यांच्या चहाला आधण ठेवताना पुन्हा बघायची. आयेची नखं वाढलीत. चोळीचा हूक कुणी बदललाय. डाव्या पायाची सूज उतरली. आणि दर वेळी तिच्या मनात एकच यायचं, दाखवतोय गावाला, बघा मी म्हातारीला कसा सांभाळतो.

खरी बोच पुढेच होती. स्टेटस कुणी बघितलं ते ठेवणाऱ्याला कळतं. म्हणजे एवढा ताठा धरून बसलेली बहीण रोज न चुकता बघते, हे बुधाजीला रोज कळत होतं. सगुणाला याची लाज वाटायची. उद्या बघायचं नाही असं ती रोज ठरवायची, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिचा अंगठा आपोआप तिथे जायचा. नंबर काढून टाकला तर काहीच दिसणार नाही, म्हणून तिने तोही ठेवला होता. बाकी कशाचं तिला फारसं काही वाटेनासं झालं होतं. वाडीचं नाही, नवरा आठवडाभर घरी नसतो याचं नाही, आता तर आयेचा फोटो बघूनही आत काही हलत नव्हतं. नुसतं बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. आपण दगड झालोय आणि या दगडाला फक्त एक अंगठा आहे, असं तिला वाटायचं.

एक आठवडा तरी बुधाजीला कळू दे की बघितलं नाही. म्हणून ती तयार झाली होती.

पहिल्या संध्याकाळी तिला बरं वाटलं. फोन तिने तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून वाल सोलत बसली. आता त्याने फोटो टाकला असेल. आता त्याने बघितलं असेल, हिचं नाव आलं का. नसेल आलं. परत बघितलं असेल. एवढ्या वर्षांत प्रथमच भावाला कशाची तरी वाट बघायला लावल्याचं समाधान तिला मिळालं, आणि त्या भरात तिने कॅलेंडरवर फुल्या मारल्या त्या जरा जोरात, कागद फाटेल इतक्या.

"कसं वाटतंय?" क्रांतीने विचारलं.

"लय बरं."

"आकडा?"

"टाक नऊ."

दुसऱ्या दिवशी तिने सहा सांगितला. तिसऱ्या दिवशी तिला आकडा सुचेना.

"काय वाटत न्हाय गो."

"बरं नाही वाटत, की वाईट वाटत नाही?"

"दोनी न्हाय. दाढ काढायला इंजेक्शन देतात ना, तसं. गाल आपलाच असतो."

क्रांतीने त्या रकान्यात पाच लिहिला. तिच्या कागदावर गालासाठी जागा नव्हती. "पण तुम्ही टिकलात काकू," ती म्हणाली. "एवढ्या सगळ्यांत तुम्ही एकट्याच. आता चारच दिवस." तिचा आवाज खरोखर मायेचा झाला होता. त्या पोरीच्या अभ्यासात आपली कसली तरी भर पडते आहे, हे सगुणाला कळलं आणि त्याचंही तिला काही वाटलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी वेणूबाई आली.

वेणूबाई सगुणाच्या माहेरच्या भावकीतली, नात्याने चुलत काकी. तिची लेक बोर्लीला दिलेली. नातीच्या वाढदिवसाला आलेली वेणूबाई लेकीच्या दिराच्या रिक्षात बसून इकडे आली होती. अबोल्याच्या दोन्ही बाजूंना जाऊन चहा पिणारं एखादं माणूस प्रत्येक भावकीत असतं. इथे ते काम हिच्याकडे होतं. येताना तिने पांढऱ्या कांद्याची माळ आणली होती. माळ कुणाच्या शेतातली ते तिने सांगितलं नाही आणि सगुणाने विचारलं नाही.

सगुणा पडवीत शेजारच्या वाडीतली सुपारी सोलत बसली होती. स्वतःच्या पोफळी गेल्यापासून ती दुसऱ्यांची सुपारी सोलून द्यायची. वेणूबाईने पदर खोचला, बिनबोलावता दुसरी सुरी घेतली आणि समोर बसली. नातीचा केक कसा होता, जावयाने किती लोक बोलावले, बोटीत गाड्या कशा कोंबतात, सगळं झालं.

"आये बरी हाय ना?" सगुणाने विचारलं.

"बरी म्हनायची. आता वय झालं. दोनतीन दिस जरा कुरकुरते."

"का?"

"मना काय म्हायती? म्हातारपन."

सगुणाने एक सुपारी सोलून टोपलीत टाकली. "नुसती कुरकुरते तर कुरकुरू दे. जपतो ना तिला तुमचा बुधाजी. बघते की मी. रोज गावाला दाखवतो."

"काय दाखवतो?"

"आयेला. स्टेटसला."

"कुनाच्या स्टेटसला?"

"बुधाजीच्या, काकी. दुसऱ्या कुनाच्या?"

वेणूबाईचा हात थांबला. "बुधाजी कवा स्टेटस ठेवायला लागला?" ती म्हणाली. "त्याची पोरगी ठेवते. नाचाचं, गान्याचं, मांजराचं. बुधाजी न्हाय ठेवत. माझ्यात नंबर हाय त्याचा. माझ्यात हाय, जावयाच्या फोनात हाय. कवा काय दिसलं न्हाय."

"दिसत असंल. तू बघत नसशील."

"मी न्हाय बघत?" वेणूबाईला हा अपमानच वाटला. "अगो, मी समद्यांचं बघते. वाडीत कुनाच्या घरी काय शिजलं ते मना स्टेटसवर कळतं. देवळाच्या पालखीला पोरं त्याच्या मागं लागली व्हती, काका, एक तरी फोटो टाका. तर म्हनला, मना गावाला काय दाखवायचं हाय? थांब, तुला दाखवते." तिने कमरेचा बटवा सोडला आणि फोन काढला.

सगुणाने तोंड फिरवलं. "नको. मना आठवडाभर बघायचं न्हाय."

"नवस हाय?"

"तसंच काहीतरी."

वेणूबाईने नवसापुढे वाद घातला नाही. फोन बटव्यात गेला आणि बोलणं पुन्हा केकवर आलं. सगुणा ऐकत होती, हं म्हणत होती, हात चालूच होता. थोड्या वेळाने वेणूबाई म्हणाली, "अगो, काय करतेस?" तेव्हा सगुणाने खाली बघितलं. सोललेल्या सुपाऱ्या ती सालींच्या ढिगात टाकत होती आणि साली टोपलीत भरत होती.

वेणूबाई चार वाजता गेली. सगुणाने ढीग उपसून सुपाऱ्या निवडून काढल्या. मग झाडलोट केली, कांद्याची माळ खिळ्याला अडकवली, चूल पेटवली. तिच्या मनात कसला विचार येत नव्हता. एकच वाक्य होतं, मना गावाला काय दाखवायचं हाय, आणि ते बुधाजीच्या आवाजात होतं. त्याचा आवाज आपल्याला एवढा नीट आठवतो याचं तिला नवल वाटलं.

दिवे लागले तशी क्रांती हातपाय धुऊन पाटावर येऊन बसली. "कॅलेंडरवर आज एकही फुली नाही," ती कौतुकाने म्हणाली. "कसं वाटतंय?"

"तुला एक विचारू?"

"विचारा ना."

"स्टेटस एकालाच दिसंल असं ठेवता येतं?"

"येतं की. सेटिंग असतं. फक्त अमक्यालाच दिसू दे, असं."

"ते आपोआप लागतं? चुकून?"

"आपोआप नाही." क्रांतीने स्वतःचा फोन काढून बोटाने दाखवायला सुरुवात केली, मग आठवड्याची अट आठवून तो पाठमोरा धरला. "आत जावं लागतं. आपल्याकडची सगळी नावं येतात, त्यातून ते एक नाव शोधायचं आणि त्यावर बोट ठेवायचं. एकदा केलं की मग तसंच राहतं. पण पहिल्यांदा शोधावंच लागतं."

"सगळ्या नावांतून."

"हो. का?"

सगुणाने तव्याखालचं लाकूड पुढे सारलं. बुधाजीला चष्मा लागला होता, तो तिने आयेच्या मागे, फोटोच्या कोपऱ्यात पडलेला बघितला होता. फोनमधलं त्याला फारसं कळत नसणार. म्हणजे पोरीला विचारलं असेल, किंवा विचारलंही नसेल, एकटाच बसून बोट सरकवत सगळी नावं खालपर्यंत गेला असेल. भाताची मळणी करणारे, खताचा दुकानदार, सोयरे, व्याही. त्यांच्यातून हिचं. म्हणजे हिचं नाव त्यानेही काढून टाकलेलं नव्हतं.

तिला रडू आलं नाही. यायला हवं होतं असं तिलाही वाटलं. फक्त हाताला चटका बसल्यावर जसं आधी कळतं आणि मग दुखतं, तसं काहीतरी कळलं होतं, आणि दुखणं अजून यायचं होतं.

"क्रांती, मी आता बघनार."

"काकू!" क्रांती पाटावरून अर्धी उठली. "तीनच दिवस राहिलेत. तुम्ही सुटलात तर माझ्याकडे पूर्ण केलेलं कुणीच उरत नाही. मॅडम म्हणतील..." ती थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. ती पुन्हा बसली.

"लिही की, नापास."

"नापास असं नसतं काकू." तिने पेन काढलं. "कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"लिही, ऱ्हावलं न्हाय."

क्रांतीने लिहिलं. मग ती उगाचच पाणी भरायच्या निमित्ताने कळशी घेऊन अंगणात गेली. एवढं तिला कुठल्याही कॉलेजात शिकवलेलं नव्हतं, आणि ते बरंच झालं.

सगुणाने तांदळाच्या डब्यावरून फोन उचलला. स्टेटसची रांग आली. वेणूबाईच्या नातीचा केक, गुलाबी. कुणाची नवी गाडी, हार घातलेली. कोंडाजीने टाकलेली महामार्गावरची एक कमान. कुणाच्या हळदीचा नाच. ती खाली खाली गेली. बुधाजीचं नव्हतं. ती पुन्हा वर गेली आणि पुन्हा खाली आली, या वेळी सावकाश, एकेका नावाशी थांबत. नव्हतंच. पहिल्या दोन दिवसांत त्याने काही ठेवलं असेल तर ते पुसून गेलं होतं. आणि काल, आज त्याने ठेवलंच नव्हतं. कुणासाठी ठेवणार?

आता मात्र दुखलं. छातीत नाही, पोटात, जेवण राहिल्यावर दुखतं तिथे. किती वेळा मी म्हटलं, गावाला दाखवतोय. रोज म्हटलं. पाच वर्षांत त्याने मला एकच गोष्ट दिली आणि ती मी रोज त्याच्या तोंडावर फेकली, आणि त्याला ते कळलंही नाही कारण मी फेकताना बघतही होते.

तिने नाव काढलं. ते 'दादा' असंच होतं. ते बदलायचं तिच्याने कधी झालं नव्हतं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि फोन कानाला लावला. चुलीतलं लाकूड तडतडत होतं. बाहेर क्रांती रहाटाजवळ नुसतीच उभी होती.

घंटी बरीच वाजली. मग थांबली. पलीकडे कुणी बोललं नाही. टीव्हीवर बातम्या चालू होत्या, त्या बंद झाल्या. श्वास ऐकू येत होता, जरा जड, वय झालेल्या पुरुषाचा. सगुणाने तोंड उघडलं, पण 'दादा' म्हणायचं की नुसतं 'हालो' म्हणायचं हे तिला ठरवता आलं नाही. पलीकडेही तीच अडचण असावी. मग चपला फरफटत गेल्याचा आवाज आला, एक दार करकरलं, आणि बुधाजीचा आवाज आला, पण फोनमध्ये नव्हे, फोन लांब धरून.

"आये, घे. तुझ्या लेकीचा फोन हाय."

खुसफुस झाली. फोन उलटा धरला गेला, सुलटा केला गेला.

"हालो," आये म्हणाली. "कोन? सगू?"

"व्हय आये. मी."

"डोळं दुखत व्हतं काय गो तुझं?"

सगुणाला कळलं नाही. "का गो?"

"चार दिस झालं, बघितलंस न्हाय मना. हा रोज सांगतो, आये, बघितलं बघ तिनं. मंग मी जेवते. आता म्हनतो, न्हाय बघितलं तिनं, आनि दोन दिस फोटो बी काढत न्हाय. मी म्हनलं, अरे, डोळं आलं असतील तिचं. न्हायतर माझी सगू बघितल्याबिगर ऱ्हायाची न्हाय."

सगुणाने भिंतीला पाठ टेकली. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तिचा वास घरभर झाला, तरी तिने हात पुढे केला नाही.

"व्हय आये," ती म्हणाली. "डोळं आलं व्हतं."

"आता?"

"आता बरं हायत."

पलीकडे, जरा लांबून, बुधाजी बोलला. तो आयेलाच सांगत होता. "इचार तिला, औषध घातलं का."

"हा इचारतो, औषध घातलं का."

"सांग त्याला, घातलं," सगुणा म्हणाली. तिचा आवाज फुटला, तो तिने फुटू दिला. "आनि उद्या ठेव म्हनावं. मी बघते."